शहरातली सायकल मेसेंजर रिले शर्यत कशी भरवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदाच अशी शर्यत भरवणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. हिशेबाला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच नमुना धरला आहे: १६ संघ, प्रत्येक संघात ४ सायकलस्वार, ६ चेकपॉइंट (पाकिटं उचलायची-द्यायची ठिकाणं) आणि मधोमध एक तळ, जिथून शर्यत सुटते आणि स्वार बदलतात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण गणित याच पद्धतीने मांडा.

मेसेंजर शर्यत आणि नेहमीची सायकल शर्यत यांत फरक काय?

नेहमीच्या शर्यतीत रस्ता ठरलेला असतो. इथे फक्त पोहोचायची ठिकाणं ठरलेली असतात, रस्ता ज्याचा त्याने शोधायचा. सायकल मेसेंजर दिवसभर जे काम करतात त्याचंच हे शर्यतीतलं रूप. एका ठिकाणाहून पाकीट उचलायचं, दुसऱ्या ठिकाणी पोचवायचं, सही-शिक्का घ्यायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. मेसेंजरांच्या अशा शर्यतीला ॲलीकॅट म्हणतात. या नावाने ओळखली जाणारी पहिली शर्यत १९८९ साली टोरोंटोत झाली. १९९३ साली बर्लिनमध्ये सायकल मेसेंजरांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. जागतिक स्पर्धेची मुख्य शर्यत वाहनांसाठी बंद केलेल्या मार्गावर होते, तर ॲलीकॅट चालू रहदारीत होते. तुमची शर्यत यांपैकी कोणत्या प्रकारची, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. परवानगी, विमा, स्वयंसेवकांची संख्या हे सगळं त्यावरच ठरतं. खालची उत्तरं चालू रहदारीतल्या शर्यतीची आहेत, कारण अवघड तीच आहे.

मग रिलेच का? सगळ्यांना एकदम का सोडू नये?

६४ जणांना एकदम सोडलं तर ६४ सायकली एकाच वेळी रस्त्यावर येतात. पहिल्या चौकात त्यांचा घोळका होतो आणि घोळक्यात पुढचा सिग्नल तोडून गेला की मागचे दहा जण न बघता त्याच्या मागे जातात. रिलेमध्ये संघातला एक जण फेरी मारून तळावर आला की मगच पुढचा निघतो. तेच ६४ जण भाग घेतात, पण रस्त्यावर एका वेळी असतात फक्त १६. तेही वेगवेगळ्या दिशांना पांगलेले. परवानगीच्या अर्जातही हा आकडा ठळक लिहा: एका वेळी रस्त्यावर जास्तीत जास्त १६ सायकली.

दुसरा फायदा असा की प्रत्येकाला तीन फेऱ्यांची विश्रांती मिळते. दमलेला माणूस चौकात चुकीचे निर्णय घेतो, आणि इथे तो दमायच्या आत खाली उतरतो.

परवानग्या कोणकोणत्या लागतात?

सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणं बहुतेक देशांत गुन्हा आहे. त्यामुळे ‘ही शर्यत नाही, फेरी आहे’ अशी पळवाट काढू नका. अपघात झाला की ती टिकत नाही आणि विमा कंपनी हात वर करते. वाहतूक पोलीस, रस्ते ज्यांच्या ताब्यात आहेत ती स्थानिक संस्था आणि प्रत्येक चेकपॉइंटच्या जागेचा मालक, अशा तिन्हींकडून लेखी परवानगी घ्या. तिऱ्हाइताला इजा झाली तर भरपाई देणारा विमा काढा आणि त्यात ‘वेळ मोजली जाणारी स्पर्धा’ वगळलेली नाही ना, हे पॉलिसीच्या अटींत स्वतः वाचून पाहा. अर्जासोबत चेकपॉइंटचा नकाशा, स्वयंसेवकांची यादी, प्रथमोपचाराची सोय आणि शर्यत कोणत्या परिस्थितीत थांबवणार त्याचे निकष जोडा. किमान आठ आठवडे हातात ठेवा.

दिवस आणि वेळ कोणती निवडावी?

सुट्टीच्या दिवशी सकाळी, सूर्य वर आल्यावर. अगदी पहाटे रस्ते मोकळे असतात खरे, पण मोकळ्या रस्त्यावर गाड्याही भरधाव असतात. त्यातच सूर्य डोळ्यांसमोर असेल तर चालकाला सायकल दिसत नाही. अंधारात शर्यत नकोच. तारीख पक्की करण्याआधी त्या दिवशी मिरवणूक, सामना, मॅरेथॉन किंवा खोदकाम नाही ना, याची चौकशी करा.

एक फेरी किती लांबीची असावी?

८ किलोमीटर आणि ४ चेकपॉइंट हे पहिल्या वेळेला योग्य माप आहे. सिग्नलवर थांबत, रस्ता शोधत जाणाऱ्या चांगल्या सायकलस्वाराचा सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर धरा. म्हणजे सायकलवर साधारण २७ मिनिटं, चेकपॉइंटवर प्रत्येकी दीड मिनिट धरून ६ मिनिटं, हँडओव्हरला, म्हणजे पुढच्या स्वाराकडे पाकीट सोपवायला, १ मिनिट. एकूण ३४. चार फेऱ्यांचे सव्वादोन तास. हौशी संघ ताशी १२ च्या वेगाने जाईल, त्याला तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागेल. परवानगी साडेतीन तासांची मागा आणि चेकपॉइंट बंद व्हायची वेळ त्यानुसार आधीच जाहीर करा.

अंतर मोजताना नकाशावरची सरळ रेष धरू नका. एकेरी रस्ते, उड्डाणपूल, रेल्वेमार्ग यांनी खरं अंतर सहज दीडपट होतं. कमी-जास्त वेगाच्या तीन जणांना शर्यतीच्याच वेळी प्रत्यक्ष फिरवून आणा. चाचणी एकदा दोन आठवडे आधी, शर्यतीच्याच वारी, आणि एकदा आदल्या दिवशी. आदल्या दिवशीची चाचणी टाळली की हमखास एखादा रस्ता उकरलेला निघतो.

चेकपॉइंटची जागा कशी निवडायची?

शर्यत सुरक्षित होणार की नाही हे इथेच ठरतं, त्यामुळे यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

जागा रस्त्यापासून १० ते १५ मीटर आत हवी: अंगण, पार्किंग, बागेचं फाटक. चेकपॉइंट फुटपाथच्या कडेला ठेवला की स्वार ब्रेक मारत रस्त्यावरच थांबतो आणि मागचा त्याच्यावर आदळतो. मोकळी जागा किमान ४ बाय ४ मीटर आणि सायकली टेकवायला रेलिंग किंवा भिंत हवी. चौकापासून निदान ५० मीटर लांब राहा. बसथांबा, दवाखान्याचं प्रवेशद्वार, शाळेचं फाटक, प्रार्थनास्थळासमोरची गर्दीची जागा टाळा.

आणखी एक गोष्ट पाहायची ती म्हणजे येण्याची दिशा. बहुतेक स्वार ज्या बाजूने येतील त्याच बाजूला चेकपॉइंट असेल तर कोणी रहदारी आडवी कापत नाही. समोरच्या बाजूला असेल, तर चेकपॉइंटचं टेबल दिसताच स्वार मान न वळवता सायकल वळवतो. मग त्याला पुढच्या चौकातून वळून यायला कितीही सांगा, उपयोग होत नाही. म्हणून जागाच बदला. चेकपॉइंटच्या जोड्याही तपासा. एकाकडून दुसऱ्याकडे जायचा सगळ्यात जवळचा रस्ता जर भरधाव महामार्गावरून किंवा एकेरी गल्लीतून उलटा जात असेल, तर त्यांतला एक चेकपॉइंट हलवा. घाईतला माणूस जवळचाच रस्ता धरणार, हे गृहीत धरूनच आखणी करायची असते.

मॅनिफेस्ट म्हणजे काय आणि तो कसा लिहायचा?

मॅनिफेस्ट म्हणजे कामांची यादी. स्वाराला तळावर एक कागद मिळतो, त्यावर कुठून काय उचलायचं आणि कुठे द्यायचं ते लिहिलेलं असतं. एक ओळ अशी असावी:

काम २. उचला: चेकपॉइंट ५, वाचनालयाचं मागचं फाटक, निळं पाकीट. द्या: चेकपॉइंट १, पाण्याच्या टाकीखाली. शिक्का: ☐ ☐

दोन चौकोन कशासाठी? एक उचलल्याचा, एक दिल्याचा. एकच चौकोन ठेवला की उचलताना शिक्का मारून घेतला जातो आणि पाकीट दिलं की नाही ते कळायला मार्ग उरत नाही.

कामं अशी गुंफा की क्रम लावताना डोकं चालवावं लागेल. १, २, ३ असं ओळीने गेलं तर अंतर जास्त पडेल, आणि दोन मिनिटं उभं राहून विचार केला तर दीड-दोन किलोमीटर वाचतील, असा मॅनिफेस्ट चांगला. पाय जोरात मारणाऱ्याला विचार करणाऱ्याने हरवावं, यातच या शर्यतीचं सौंदर्य आहे. पण एक तपासणी विसरू नका: पाकीट उचलण्याआधीच ते देण्याच्या ठिकाणी जावं लागेल असा गुंता राहून गेला असेल, तर कोणालाच ते काम नीट पुरं करता येत नाही. लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक मॅनिफेस्ट सोडवून बघितला पाहिजे.

पत्ते लिहिताना एकाच नावाच्या दोन बागा, दोन पुतळे शहरात नाहीत ना ते बघा. खूण डोळ्याला दिसणारी द्या. ‘जुन्या दुकानासमोर’ हे नव्या माणसाला कळत नाही.

कागद ए-५ आकाराचा, जाडसर, झिपच्या पारदर्शक पिशवीत. घामाने आणि पावसाने साधा कागद अर्ध्या तासात लगदा होतो, रबरी शिक्क्याची शाई पसरते. त्यापेक्षा तिकिटाला छिद्र पाडायचे पंच आणा, प्रत्येक चेकपॉइंटला वेगळ्या आकाराचा. छिद्र पुसलं जात नाही. लिहायला पेन्सिल ठेवा, ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही.

सगळे एकाच चेकपॉइंटवर एकदम पोचले तर?

हिशेब करा. एका स्वाराला २० सेकंद लागतात. १६ जण एकदम आले तर शेवटच्याचं काम संपेपर्यंत ५ मिनिटं २० सेकंद होतात. ही शर्यत नव्हे, रांग झाली.

यावर रिलेमध्ये फार सुंदर उपाय आहे. चार मॅनिफेस्ट बनवा: क, ख, ग, घ. प्रत्येकाचा पहिला चेकपॉइंट वेगळा. संघांचे चार गट करा. पहिल्या गटाच्या चार फेऱ्या क-ख-ग-घ अशा, दुसऱ्याच्या ख-ग-घ-क, तिसऱ्याच्या ग-घ-क-ख आणि चौथ्याच्या घ-क-ख-ग. म्हणजे एका वेळी चारही मॅनिफेस्ट रस्त्यावर असतात, गर्दी चार ठिकाणी वाटली जाते, आणि शेवटी प्रत्येक संघाने चारही मॅनिफेस्ट पुरे केलेले असतात. एकूण काम सगळ्यांचं सारखं. एखादा मॅनिफेस्ट दुसऱ्यापेक्षा अर्धा किलोमीटर लांब निघाला तरी कोणावर अन्याय होत नाही.

त्यात भर म्हणून चार-चारच्या तुकड्या दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडा. प्रत्येक तुकडीत प्रत्येक गटाचा एकच संघ घ्या. पहिल्या चेकपॉइंटवर मग साधारण दोन मिनिटांनी एकेक स्वार येतो आणि रांग लागतच नाही. निकालात प्रत्येकाची सुटण्याची वेळ वजा करायची.

फेरी संपवून आलेला स्वार मॅनिफेस्ट तळावर जमा करतो आणि पुढच्याला त्याच्या अक्षराचा नवा कागद मिळतो. जुना मॅनिफेस्ट जमा झाल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा नियम डिस्पॅच टेबलावर, म्हणजे मॅनिफेस्ट देण्या-घेण्याच्या टेबलावर, बसणाऱ्याने काटेकोर पाळायचा.

पार्सलं कशी असावीत?

सपाट आणि हलकी. एक पार्सल २ किलोच्या आत, एका वेळी अंगावरचं ओझं ५ किलोच्या आत. नकाशे ठेवायच्या लांब नळ्या दिसायला छान, पण बॅगेतून खांद्यावर डोकावल्या की मागे वळून बघताना मानेला अडतात आणि स्वार मागे बघायचंच सोडून देतो. हँडलला पिशवी अडकवायला सक्त मनाई करा. ती झुलते, पुढच्या चाकाच्या आऱ्यांत जाते, चाक जागच्या जागी अडकतं आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. काच, द्रव पदार्थ, खाण्याच्या वस्तू नकोत.

रिलेचं मुख्य पार्सल, म्हणजे बॅटन, ए-४ आकाराचं, आतून मऊ अस्तराचं (पॅडेड) पाकीट असावं. त्यावर संघाचा क्रमांक, तोंड सीलबंद. पहिल्या स्वारापासून चौथ्यापर्यंत ते हातोहात गेलं पाहिजे.

हँडओव्हर नेमका कसा करायचा? पळत्या सायकलवरून चालेल का?

नाही. थांबूनच.

ताशी २५ किलोमीटरने येणारा माणूस सेकंदाला जवळपास ७ मीटर कापतो. ब्रेक दाबायचा निर्णय घेईपर्यंत ७ मीटर जातात, त्यापुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी ६. एकूण १३ मीटर, ओल्यात त्याहून बरेच जास्त. म्हणून तळाच्या आत ३० मीटरचा मोकळा पट्टा ठेवा. त्याच्या सुरुवातीला ‘वेग कमी’ची रेघ, शेवटी ‘उतरा’ची रेघ. दुसऱ्या रेघेनंतर सायकल हातात धरून चालायचं.

मग हँडओव्हर असा: येणारा डाव्या हाताने सायकल धरून उभा, बॅग पुढे पोटावर ओढलेली. पुढचा स्वार समोर, दोन्ही पाय जमिनीवर, त्याची सायकल मागच्या रेलिंगला. आलेला पाकीट काढून देतो, घेणारा क्रमांक मोठ्याने वाचतो, ‘सात!’, आणि ते बॅगेत टाकून झाकण लावतो. तोवर टेबलावरून नवा मॅनिफेस्ट हातात येतो. मार्शल, म्हणजे हँडओव्हरवरचा स्वयंसेवक, वेळ लिहून ‘जा’ म्हणाला की सायकल हातात धरून चालत न्यायची, बाहेर जायच्या रेघेनंतरच बसायचं. येणाऱ्या आणि जाणाऱ्या वाटा वेगळ्या हव्यात. एकच वाट असेल तर धडक ठरलेली.

संघ बऱ्याचदा अख्खी बॅगच बदलायचा बेत करतात. तो बेत फसतो. एका पट्ट्याची बॅग एकाच्या अंगाला घट्ट बसते ती दुसऱ्याच्या ढोपरापर्यंत लोंबते. बकल सैल करा, डोक्यावरून घाला, पुन्हा ओढा, छातीवरचा आडवा पट्टा लावा, यात अर्धं मिनिट सहज जातं. घाईत तो आडवा पट्टा राहून गेला तर पहिल्याच ब्रेकला बॅग पाठीवरून घसरून पोटावर येते. प्रत्येकाची स्वतःची बॅग आधीच अंगावर बसवलेली असावी आणि फक्त पाकीट हलावं.

सिग्नल तोडणाऱ्यांचं काय करायचं?

२००८ साली शिकागोत एका ॲलीकॅट शर्यतीत, सहा रस्ते मिळतात अशा चौकात लाल दिवा ओलांडणाऱ्या स्वाराचा मोटारीच्या धडकेने मृत्यू झाला. ‘सगळ्यांनी नियम पाळा’ असं सुरुवातीला सांगणं पुरेसं नाही. सिग्नल तोडण्यात फायदाच उरणार नाही अशी शर्यत आखणं ही आयोजकाची जबाबदारी आहे.

पहिला उपाय दंडाचा. लाल दिवा तोडून फार तर त्या दिव्याचा वेळ वाचतो, म्हणजे दीड-दोन मिनिटं. दंड ५ मिनिटांचा ठेवा. दुसऱ्यांदा पकडल्यास अख्खा संघ बाद. रिलेमध्ये दंड चौघांवर बसतो, त्यामुळे संघातलेच लोक एकमेकांना आवरतात, आणि हा धाक आयोजकाच्या भाषणापेक्षा फार प्रभावी असतो. निरीक्षक दोन चौकांत दोन-दोन बसवा. कोणते चौक, ते जाहीर करू नका.

दुसरा उपाय सक्तीच्या थांब्याचा. प्रत्येक चेकपॉइंटवर किमान १ मिनिट थांबणं बंधनकारक करा. धाप लागलेला माणूस एका मिनिटात भानावर येतो, नकाशा बघतो, पाणी पितो.

तिसरा उपाय तटस्थ पट्ट्याचा. मोठा पूल, रेल्वे फाटक किंवा बदनाम चौक टाळता येत नसेल, तर त्याच्या दोन्ही टोकांना नोंद ठेवा आणि मधल्या अंतराला ठराविक वेळ द्या, समजा ५ मिनिटं. लवकर पोचला तरी ५ मिनिटं होईपर्यंत थांबायचं. फाटक बंद होतं म्हणून उशीर झाला तर जास्तीचा वेळ माफ. घाई करून काहीच पदरात पडत नसेल तर कोणी घाई करत नाही.

ब्रेक नसलेली फिक्सी चालेल का?

नाही. फिक्सी म्हणजे फिक्स्ड गिअरची सायकल, तिची पायडलं चाकासोबत सतत फिरतात. त्यामुळे पायांनी चाक अडवता येतं हे खरं, पण ते मागचं चाक. थांबताना वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरू लागतं. पुढच्या ब्रेकच्या तुलनेत फक्त मागच्या चाकाने मिळणारा रोध सुमारे निम्मा असतो, म्हणून थांबायला लागणारी जागा जवळपास दुप्पट. फिक्स्ड गिअरच्या सायकलला पुढच्या चाकाचा ब्रेक सक्तीचा, फ्रीव्हील असलेल्या, म्हणजे पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहणाऱ्या सायकलला दोन्ही ब्रेक सक्तीचे. चालवणारा कितीही कसलेला असो, यात सवलत नको.

सायकल तपासणीत काय बघायचं?

दोन मिनिटांत होतं. ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबला तरी हँडलला टेकता कामा नये. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवून बघा, ढिलं असेल तर लगेच कळतं. चाकांचे नट किंवा क्विक रिलीज घट्ट आहेत का, टायरचा धागा वर आलाय का, चेन लोंबते का, घंटी वाजते का. आणि हँडलच्या टोकांची बुचं! याकडे कोणाचंच लक्ष नसतं. बूच नसलेली नळी पडताना मांडीत किंवा पोटात पंचसारखी घुसते. तपासणी टेबलावर पाच-सहा जोड्या बुचं ठेवाच.

पास झालेल्या सायकलच्या आऱ्यांत संघाचा क्रमांक असलेलं स्पोक कार्ड अडकवा. ते लॅमिनेट केलेलं हवं. नंतर लोक ते वर्षानुवर्षं चाकात ठेवतात, म्हणून चित्र मन लावून काढून घ्या.

सायकली आडव्या ठेवून पळत येऊन उचलायची सुरुवात चालेल का?

परंपरा आहे, बघायला मजा येते. पण पायडल दुसऱ्याच्या आऱ्यांत अडकतं, पायडलला अडकणारे क्लीटचे बूट फरशीवर घसरतात. चार-चारच्या तुकडीत, सायकलींमध्ये ३ मीटर अंतर आणि बंदिस्त आवारात असेल तर चालेल. रस्त्याच्या कडेला नको.

मोबाइलवर नकाशा बघू द्यायचा का?

बघू द्या, पण सायकल थांबवून, रस्त्याच्या बाहेर. चालत्या सायकलवर हातात मोबाइल दिसला तर सिग्नल तोडण्याइतकाच दंड. दोन्ही कानांत इअरफोन घालायलाही मनाई. प्रत्येकाला चेकपॉइंट दाखवणारा छापील नकाशा द्या. त्यावर रस्ता आखून देऊ नका.

स्वयंसेवक किती लागतात?

चेकपॉइंटवर प्रत्येकी २ म्हणजे १२, सुरुवात आणि वेळनोंदीला २, हँडओव्हरला २, डिस्पॅच टेबलावर २, प्रथमोपचाराला २, मार्गावर सायकलने फिरणारे २, चौकांत निरीक्षक ४, राखीव २. एकूण २८. चेकपॉइंटवर एकच माणूस ठेवला की तो शिक्का मारेल तेव्हा नोंद राहते, आणि नोंद करेल तेव्हा पाकिटं. शिवाय साडेतीन तासांत त्याला एकदा तरी जागेवरून उठावं लागतंच.

प्रत्येक चेकपॉइंटच्या पेटीत ठेवा: पंच, नोंदवही, ४ पेन्सिली, पाकिटांची यादी, पाणी, प्रथमोपचार पेटी, पॉवर बँक, ताडपत्री आणि सगळ्यांचे फोन क्रमांक असलेला एक कागद.

वेळ कशी नोंदवायची?

सगळ्यांचे मोबाइल नेटवर्कच्या वेळेवर लावा आणि सुरुवातीआधी फोनवरून सेकंदासकट मेळ घाला. नोंदवहीत संघ क्रमांक, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. वेळ नेहमी तास-मिनिट-सेकंद अशी पूर्ण लिहायची. ‘४२-१५’ एवढंच लिहिलं की नऊचे बेचाळीस की दहाचे, यावर संध्याकाळी भांडण होतं. मॅनिफेस्टवरचं छिद्र आणि नोंदवही यांत तफावत निघाली तर नोंदवही ग्राह्य, असं नियमातच लिहा.

पंक्चर झालं तर संघाने काय करायचं?

ज्याचं पंक्चर त्याने काढायचं. प्रत्येकाकडे एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप आणि ॲलन कीचा संच असणं सक्तीचं. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. घाईत तो तसाच राहतो आणि दोनशे मीटरवर दुसरी ट्यूबही बसते.

सायकल दुरुस्तच होत नसेल तर? स्वाराने फोन करून कळवायचं. २० मिनिटं उलटल्यावर पुढच्या स्वाराला तिथे जाऊन पाकीट आणि अर्धा मॅनिफेस्ट ताब्यात घेता येईल, असा नियम ठेवा. संघ शर्यतीत राहतो आणि कोणी मोडकी सायकल दामटत नाही.

पाऊस आला तर?

रिमझिम असेल तर चालू ठेवा, पण सक्तीचा थांबा १ वरून २ मिनिटांवर न्या. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं आणि ट्रामचे रूळ ओल्यात साबणासारखे होतात. रूळ शक्य तितका काटकोनात ओलांडायचा, नाहीतर चाक खोबणीत बसतं. रिम ब्रेक ओले झाले की पहिली एक-दोन चक्कर जवळजवळ पकडतच नाहीत, म्हणून ते आधीपासून हलके दाबत राहायचं. विजा कडाडू लागल्या किंवा रस्त्यावर पाणी साचलं तर थांबवा. थांबवायचा अधिकार एकाच माणसाकडे द्या आणि तो शर्यतीत भाग घेणारा नसावा.

अपघात झाला तर पहिली दहा मिनिटं कोण काय करणार?

प्रत्येक स्वाराच्या खिशात एक कार्ड: नाव, घरच्यांचा फोन, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं. मागे शर्यतीचा आपत्कालीन क्रमांक. जवळ असलेल्या कोणत्याही स्वाराने थांबायचं. त्याचा थांबलेला वेळ पूर्ण वजा होईल हे आधीच सांगा, म्हणजे मदत करणाऱ्याला मनात हिशेब करावा लागत नाही. रुग्णवाहिकेला आधी फोन, तळाला नंतर. डोक्याला मार लागलेल्याला ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी पुन्हा सायकलवर बसू देऊ नका, आणि त्याचं हेल्मेट बाद करा. तळावर प्रत्येक चेकपॉइंटपासून सर्वांत जवळच्या दवाखान्याचं नाव लिहिलेलं हवं.

निकाल आणि बक्षिसं कशी ठरवायची?

एकूण वेळ अधिक दंड. छिद्र नसेल तर १० मिनिटं, पाकीट चुकीच्या ठिकाणी दिलं तर १० मिनिटं, हरवलं तर १५. चेकपॉइंट गाळून वाचणाऱ्या वेळेपेक्षा दंड नेहमी जास्त हवा, नाहीतर हुशार संघ मुद्दाम दंड पत्करतात. तात्पुरता निकाल लावा, हरकतींना ३० मिनिटं द्या, मग अंतिम करा.

फक्त पहिल्या तिघांना बक्षीस देऊ नका. एकही दंड नसलेल्या संघांतला सर्वांत जलद संघ, सर्वांत नेटका हँडओव्हर, पहिल्यांदाच भाग घेणाऱ्यांतला पहिला, यांनाही द्या. शेवटच्या संघाला बक्षीस द्यायची ॲलीकॅटमध्ये जुनी रीत आहे, ती जरूर पाळा.

एखादी फेरी कार्गो सायकलची (जड सामान वाहायच्या सायकलची) ठेवली तर?

छान कल्पना आहे, जागतिक स्पर्धेतही कार्गोची वेगळी शर्यत असते. मात्र सगळ्या संघांना पुरतील इतक्या कार्गो सायकली मिळवणं अवघड, म्हणून ही फेरी तळाच्या बंद आवारात, तुकड्या-तुकड्यांनी घ्या. ओझं ३० किलोपर्यंत, जड वस्तू तळाशी, दोन पट्ट्यांनी आवळलेली. चालवण्याआधी प्रत्येकाला रिकामी सायकल पाच मिनिटं वळवून बघू द्या.

शर्यत संपली असं केव्हा म्हणायचं?

शेवटचा संघ आला तेव्हा नाही. डिस्पॅच टेबलावर ६४ नावांची यादी असते, आणि प्रत्येक नावापुढे ‘गेला’ आणि ‘आला’ अशा दोन खुणा पडल्या पाहिजेत. ज्यांनी मध्येच सोडलं त्यांच्याशी फोनवर प्रत्यक्ष बोलणं झालं पाहिजे. ‘त्याला घरी जाताना बघितलं’ हे चालत नाही. तोवर एकही चेकपॉइंट उठवायचा नाही, कारण वाट चुकलेला माणूस उशिरा का होईना तिथेच येतो. यादी पुरी झाली की तळावरून सहाही ठिकाणी फोन जातो. मग पाकिटं मोजायची, रस्त्यावरचे खडूचे बाण धुवायचे, टेबलं गुंडाळायची आणि जागामालकांना किल्ल्या परत द्यायच्या.